सुगंधी तेलातलं पाणी

काचेची उंच बाटली, आत ऑलिव्ह तेल, तेलात बुडालेल्या लसणाच्या सोललेल्या पाकळ्या, रोझमेरीची काडी, दोन लाल मिरच्या, बुचाला सुतळीची गाठ. स्वयंपाकाच्या व्हिडिओंत आणि दिवाळीच्या भेटवस्तूंच्या प्रदर्शनांत ही बाटली आता सवयीची झाली आहे. शेजारी तशीच दुसरी असते, तिच्यात व्हिनेगर आणि शेपूचे तुरे. दोन्ही सारख्याच देखण्या, आणि दोन्हींची कृती एका दमात सांगितली जाते: पाला धुवा, बाटलीत भरा, वरून ओता, पंधरा दिवस खिडकीत ठेवा. व्हिनेगरच्या बाबतीत, खिडकी वगळली तर, ही कृती जवळपास बरोबर आहे. तेलाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम झाला. दोष निघाला सोयाबीन तेलात घातलेल्या चिरलेल्या लसणाचा. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या, त्या बाहेर राहिल्या. आजार इतका दुर्मीळ की बऱ्याच रुग्णांना आधी भलताच विकार झाल्याचं समजलं गेलं. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये लसणाच्या तेलाने केलेल्या गार्लिक ब्रेडमुळे आणखी तिघे आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निर्णय घेतला, की तेलातला लसूण विकायचा तर त्यात आम्ल घातलंच पाहिजे, नुसती ‘फ्रिजमध्ये ठेवा’ ही सूचना पुरेशी नाही.

यामागचं कारण समजलं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू लसणाच्या गड्ड्यावर, पालेभाजीवर, मुळांवर येतात आणि आपण ते अधूनमधून खातोही. निरोगी मोठ्या माणसाला नुसत्या बीजाणूंनी काही होत नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असं डॉक्टर सांगतात ते याच बीजाणूंमुळे.) बीजाणू रुजून वाढायला लागला की मात्र तो विष तयार करतो. त्याला रुजायला हवेचा अभाव, ओलावा, उबदार जागा आणि फारसं आंबट नसलेलं अन्न लागतं. आंबटपणाची सीमारेषा पीएच ४.६ ही धरतात. त्याच्या खाली, म्हणजे अधिक आंबट ठिकाणी, तो वाढत नाही. लसणाचा पीएच सहाच्या आगेमागे, आत सुमारे साठ टक्के पाणी. कोथिंबिरीत तर ते नव्वद टक्क्यांच्या घरात. असा लसूण तेलात बुडवला की तेल हवा तोडतं, पाकळीतला ओलावा मात्र तसाच राहतो. जिवाणूला हवं ते सगळं एका बाटलीत जमा होतं. तेलाला वास येत नाही, रंग बदलत नाही, चवीवरून काही कळत नाही. ते खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत एकाचं दोन दिसायला लागतं, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही.

उकळून घेतलं तर? तयार झालेलं विष उष्णतेने नष्ट होतं, ८५ अंशांवर पाच मिनिटं पुरतात. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ‘तेल गरम करून ओतलं, म्हणजे निर्जंतुक झालं’ हे म्हणूनच खरं नाही. तेल दीडशे अंशांवर असलं तरी पाकळीच्या गाभ्यात पाणी शिल्लक असेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या वर फारसं जात नाही.

मराठी वाचकाला इथे साहजिक शंका येईल: आपण पिढ्यानपिढ्या तेलात लोणची मुरवतो, मग आपल्याला कधी काही झालं नाही ते कसं? लोणचं तेलामुळे टिकतं, असा आपला पक्का समज आहे. मला वाटतं सगळा घोटाळा या समजातच आहे. कैरीचं लोणचं टिकतं ते कैरीच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे. वरचा तेलाचा थर हवा अडवतो आणि बुरशी धरू देत नाही, एवढंच त्याचं काम. लसणाचं लोणचं घालताना लिंबाचा रस भरपूर घालतात, कारण लसणाला स्वतःचं आंबट नाही. आजीला पीएच माहीत नव्हता, पण बिनआंबटाचा लसूण नुसत्या तेलात महिनोन्‌महिने ठेवायचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. बरणी उन्हात तापवून घेणं, कोरडा डाव, तोंडाला दादरा, विटाळाइतकंच कडक पाळलेलं ओल्या हाताचं पथ्य, हे सगळे पाण्याविरुद्धचे नियम आहेत. आता कृती बदलली, आंबट आणि मीठ दोन्ही गेले, तेल तेवढं उरलं, आणि विश्वास मात्र लोणच्यावरचा होता तसाच राहिला.

इटलीतही हेच घडतं. भाज्या तेलात मुरवण्याची तिथे मोठी परंपरा आहे. वांगी, आर्टिचोक, मश्रूम तेलात घालून वर्षभर खातात. जाणती बाई त्या भाज्या आधी व्हिनेगरमध्ये उकळते आणि मगच तेलात घालते. तो टप्पा जिथे गळतो तिथे अपघात होतात. युरोपात बोट्युलिझमच्या सर्वाधिक नोंदी असलेल्या देशांत इटलीचं नाव असतं, आणि त्यात घरी केलेल्या साठवणीच्या पदार्थांचा वाटा मोठा आहे.

आपल्या स्वयंपाकात सुगंधी तेल नाही असं मात्र नाही. ते दिवसातून दोनदा होतं आणि त्याच जेवणात संपतं: फोडणी. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, लसूण यांतली तेलात विरघळणारी द्रव्यं काही सेकंदांत तेलात उतरवायची आणि ते तेल काकडीच्या कोशिंबिरीवर, पिठल्यावर किंवा मेतकूट-भातावर ओतायचं. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून कोल्हापूरचा कट आणि नागपूरची तर्री वर तरंगते आणि सगळा जोर तिच्यात असतो. कढीपत्ता टाकल्यावर जे तडतडतं ते पानातलं पाणी. आवाज थांबला म्हणजे पान कोरडं झालं. फोडणी साठवायची नसते, त्यामुळे थोडं पाणी राहिलं तरी बिघडत नाही. नव्या बाटलीची हौस म्हणजे फोडणीला टिकाऊ करायची हौस आहे, आणि टिकवायचं म्हटलं की त्या तडतडीचा शेवटचा थेंबसुद्धा मोजावा लागतो.

हा हिशोब आपल्याकडे एका वेगळ्या दालनात फार बारकाईने मांडलेला आहे: आयुर्वेदातल्या तैलपाकात. शारंगधरसंहितेतलं प्रमाण वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. वाटलेल्या वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. म्हणजे तेलाच्या चौपट पाणी घालायचं, आणि मग ते सगळं आटवून काढायचं. झालं की नाही हे ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत. कल्क बोटांत फिरवला की त्याची वात वळली पाहिजे, ती वात विस्तवावर धरली तर आवाज होता कामा नये. तेल सिद्ध होत आलं की फेस येतो, तूप सिद्ध होत आलं की असलेला फेस विरतो. पाक किती पुढे न्यायचा त्यावरून मृदू, मध्यम आणि खर असे तीन प्रकार केले आहेत. विस्तवावर न तडतडणारी वात ही घरच्या घरी करता येणारी ओलाव्याची चाचणी आहे, आणि ती शेकडो वर्षं जुनी आहे. घरी माक्याचं किंवा जास्वंदीचं तेल करणाऱ्या बायका हीच चाचणी कानांनी करतात: कढईतली चरचर बंद झाली, पाला कुरकुरीत झाला की गाळायचं. हे तेल डोक्याला लावायचं, खायचं नाही, त्यामुळे त्याला खाण्याच्या तेलाचे निकष लावू नयेत. पण पाला काढून टाकणं, पाणी आटवणं आणि गाळून ठेवणं ही त्यातली शिस्त आजच्या देखण्या बाटलीत पूर्ण हरवली आहे. पाला तिथे शोभेसाठी मुद्दाम ठेवला जातो.

मग घरी करायचं कसं? सर्वांत साधा आणि मला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे वाळवलेलं साहित्य वापरणं. पूर्ण वाळलेला कढीपत्ता, सुकी मिरची, वाळवलेल्या लसणाच्या चकत्या, ओवा, मिरी, सुकं ऑरिगॅनो (पिझ्झाबरोबर आलेल्या आणि ड्रॉवरमध्ये साठलेल्या पुड्यासुद्धा) यांत पाणी इतकं कमी असतं, की जिवाणूला वाव राहत नाही. असं तेल फ्रिजबाहेर ठेवलं तरी चालतं. पान बोटांत चुरडल्यावर भुगा झाला पाहिजे. नुसतं वाकलं तर ते अजून ओलं आहे. पावसाळ्यात हा नाद सोडलेला बरा. तेल कोमट करून त्यात हे साहित्य घातलं की आठवड्याभरात वास उतरतो.

ओलाच लसूण किंवा ओला पाला हवा असेल तर तेल थोडं करावं, लगेच फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं. अमेरिकेतल्या अन्नसाठवणीच्या संस्था हीच मुदत देतात. लसूण तळून लाल केला तरी मी हाच नियम पाळेन, कारण गाभ्यातलं पाणी पुरतं गेलं का हे घरात मोजता येत नाही. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे चार दिवसही जास्तच. उरलं तर गोठवावं. पुदिना, कोथिंबीर, बेसिल तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवलं तर काही महिने चांगलं राहतं, आणि एकेक ठोकळा कढईत टाकता येतो. ताज्या पाल्याचा हिरवा वास यात जितका टिकतो तितका बाटलीत कधीच टिकत नाही.

तिसरा मार्ग कष्टाचा आहे. आयडाहो विद्यापीठाने तपासून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड घेऊन त्याचं तीन टक्क्यांचं द्रावण करायचं, म्हणजे अर्धा लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम. लसूण बारीक चिरून त्याच्या तिप्पट वजनाच्या द्रावणात किंवा पाला त्याच्या दहापट वजनाच्या द्रावणात निदान २४ तास पूर्ण बुडवून ठेवायचा, निथळायचा आणि मग तेलात घालायचा. आंबट गाभ्यापर्यंत गेलं की तेल बाहेरही ठेवता येतं. अडचण अशी, की ही तपासणी लसूण, बेसिल, ऑरिगॅनो आणि रोझमेरी एवढ्यांपुरतीच आहे. कढीपत्ता, हिरवी मिरची, आलं, गवती चहा यांना ती आपल्या मनाने लावता येत नाही. पानाची जाडी बदलली की आंबट आत शिरायचा वेळ बदलतो. आपल्या मसाल्यांसाठी असं काम इथल्या एखाद्या गृहविज्ञान महाविद्यालयाने हाती घेतलं तर फार उपयोगाचं होईल. तोवर या सगळ्यांना वाळवणं हाच उपाय.

तेल कोणतं घ्यावं यावर लोक फार वाद घालतात, खरं तर तो दुय्यम मुद्दा आहे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला स्वतःचा दाट वास असतो, त्यात नाजूक पाला हरवतो. मिरची, लसूण, तीळ यांना ते उत्तम. मराठवाड्याचं आणि सोलापूरकडचं करडईचं तेल चवीने हलकं असतं, म्हणून मोह होतो, पण त्यातली स्निग्धाम्लं हवेशी लवकर जुळतात आणि ते लवकर खवट होतं. जवसाचं तर त्याहून लवकर. तिळाच्या तेलात स्वतःचीच खवटपणा रोखणारी द्रव्यं असतात. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटलीतून ओतता येत नाही. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गढूळ होतं, बाहेर काढलं की निवळतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. उजेड सगळ्यांनाच वाईट, आणि हिरव्या पाल्याच्या तेलाला जास्तच. पानातलं हरितद्रव्य तेलात उतरतं आणि उजेडात तेच तेल खवट करायला हातभार लावतं. खिडकीतली हिरवीगार बाटली छायाचित्रापुरतीच चांगली. रोझमेरीत मात्र खवटपणा लांबवणारी द्रव्यं आहेत, तिचा अर्क कारखानेही त्याच कामासाठी वापरतात.

पाला निवडताना परदेशी नावांमागे किती धावायचं? तुळस घरात असूनही देव्हाऱ्याच्या मानामुळे ती कोणी तेलात घालत नाही, आणि घालूही नये असं बहुतेकांचं मत असेल. पण ज्याच्या बिया आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो ते झाड बेसिलच आहे. कुंडीत सहज येणारा पानओवा वाळवून तेलात घातला तर ऑरिगॅनोची आठवण येते. मला सर्वांत जास्त आशा वाटते ती तिरफळाची. कोकण-गोव्यात बांगड्याच्या तिकल्यात पडणारं हे फळ चीनमधल्या सिचुआन मिरीच्या कुळातलं आहे, आणि सिचुआन मिरीचं तेल तिकडे बाटलीत विकलं जातं. तिरफळ मुळात सुकवलेलंच वापरतात, त्यामुळे ओलाव्याची काळजीही नाही. बिया काढून नुसती टरफलं कोमट खोबरेलात घालावीत आणि ते तेल आमटीवर वरून सोडावं.

व्हिनेगरकडे वळलं की मोकळा श्वास घेता येतो. त्याचा पीएच तीनच्या खाली असतो, बोट्युलिनम तिथे वाढू शकत नाही. युरोपात सुगंधी व्हिनेगरचा जुना बाजार आहे. आंत्वान-क्लोद मायने १७४७ साली पॅरिसमध्ये दुकान काढलं आणि नाना तऱ्हेची सुगंधी व्हिनेगरं विकली. ओर्लेआँ शहर व्हिनेगरसाठी इतकं प्रसिद्ध होतं, की लुई पाश्चरने व्हिनेगरवरच्या अभ्यासात तिथल्या पद्धतीचा विचार केला आणि दारूचं आंबट सूक्ष्म जीव करतात हे दाखवलं.

आपल्याकडे चिंच, आमसूल, लिंबू, कैरी असताना मराठी शाकाहारी घरांना शिरक्याची गरज पडली नाही. गोव्यात ती परंपरा आहे. माडाच्या सुरेपासून केलेलं विनाग्र रेशादच्या वाटणात पडतं आणि चोरिसांतही. विंदालूचा पूर्वज म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं पोर्तुगीज मांस. गोव्यात वाइनची जागा माडाच्या विनाग्राने घेतली. लसूण महिनोन्‌महिने मुरवायचा तर तो आंबटात मुरवावा, हे तिथल्या स्वयंपाकाला वेगळं सांगावं लागलं नाही. उरलेल्या महाराष्ट्रात सुगंधी व्हिनेगर पोचलं ते चायनीजच्या गाडीवरच्या वाटीतून. हिरव्या मिरचीचे तुकडे घातलेलं ते पांढरं व्हिनेगर गावोगावच्या टेबलांवर आहे, फक्त त्याला कुणी इतकं भारदस्त नाव देत नाही.

करायची पद्धत सोपी. दोन कप व्हिनेगरला ताज्या पाल्याच्या तीन-चार काड्या. बाटली दहा मिनिटं उकळून घ्यावी, पाला धुऊन पूर्ण कोरडा करावा, व्हिनेगर उकळी फुटायच्या जरा आधीपर्यंत, नव्वद अंशांच्या आसपास, तापवून ओतावं. अंधारात तीन-चार आठवडे ठेवून चव घ्यावी आणि फडक्यातून गाळावं. गाळलेलं फ्रिजमध्ये सहा-आठ महिने, बाहेर दोन-तीन महिने चांगलं राहतं. लेबल मात्र वाचावं. भारतात कायद्याने व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल लागतं. पाला आणि फळं पाणी सोडतात, म्हणून मुरवण्यासाठी ५ टक्क्यांचं घ्यावं आणि त्यात पाणी मुळीच घालू नये. ॲसेटिक आम्ल पातळ करून केलेल्या व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहावं लागतं. ते खाण्याजोगं असतं, पण त्याची चव एकसुरी, त्यात पाल्याला आधार मिळत नाही. सफरचंदाचं किंवा उसाचं व्हिनेगर जास्त शोभतं.

तेल आणि व्हिनेगर यांत उतरतं तेही वेगळं. ओव्याचा, लवंगेचा, मिरचीचा जोर तेलात नीट येतो. जांभूळ, करवंद, जांभळं बेसिल यांचे रंग पाण्यात विरघळणारे, त्यामुळे ते व्हिनेगरमध्ये उतरतात आणि आंबटात लाल होतात. शेपू, पुदिना आणि गवती चहा व्हिनेगरमध्ये छान लागतात. हिंग तेलातच राहू द्यावा. पितळेचं, तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नये, ताकासारखंच व्हिनेगरही कळकतं. पत्र्याचं झाकणही गंजतं, बूच किंवा प्लास्टिकचं झाकण बरं. लसूण व्हिनेगरमध्ये घातल्यावर कधीकधी निळा-हिरवा होतो आणि लोक घाबरून बाटली ओतून देतात. लसणातल्या गंधकाच्या द्रव्यांची आंबटाशी होणारी ती क्रिया आहे, तिने अपाय होत नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यातल्या लाबा सणाच्या सुमारास असा लसूण मुद्दाम हिरवागार करून डंपलिंगबरोबर खातात.

विकत घेताना किंवा भेट म्हणून आलेली बाटली उघडताना दोन गोष्टी विचारता येतात. आत दिसणारा लसूण किंवा पाला ओला घातला होता की वाळवून? ओला असेल तर तो आधी आंबटात ठेवला होता का, आणि लेबलावर तसं आम्लाचं नाव आहे का? विकणाऱ्याला या प्रश्नांचं उत्तर देता येत नसेल तर शेजारची व्हिनेगरची बाटली घ्यावी.